शाळेतला अस्वल-जागृती कार्यक्रम: बोलवावा का?

नाशिकरोड आणि देवळाली भागातल्या ओळखीच्या शिक्षकांचे सारखे फोन येतायत. "सर, तुमच्याकडे तो अस्वलांचा कार्यक्रम झाला म्हणे, कसा होता? आम्ही बोलवू का?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. मी चित्रकलेचा शिक्षक. विज्ञानाच्या सरांना विचारलंत तर ते बहुधा याहून बरे गुण देतील.

एक प्राणीसंग्रहालय आणि वन्यजीवांसाठी काम करणारी एक संस्था मिळून हा कार्यक्रम शाळाशाळांत करतात. दोघांची नावं मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. त्या मी त्यांच्या तोंडावर सांगितल्या आहेत, चव्हाट्यावर नावानिशी टांगायची गरज नाही. नंबर हवा असेल त्यांनी मधल्या सुट्टीत शाळेत यावं, चहा पाजून देतो.

आधी आमच्या मोठ्या बाईंचा प्रश्न, कारण तो तुमच्या मुख्याध्यापकांनाही पडणार आहे. "अहो सर, इथे बिबट्या दारात येतो आणि तुम्ही अस्वल काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्यांची बाळंतपणं होतात, 2019 साली तर सावरकरनगरात भरवस्तीत बिबट्या शिरला होता. अस्वल म्हणाल तर नाशिककराला ते बघायला मुंबईत राणीच्या बागेत नाहीतर पुण्याला कात्रजला जावं लागतं. रानातलं बघायचं तर मेळघाट, बुलढाण्याचं ज्ञानगंगा, ताडोबा, नागझिरा. म्हणजे चांगला लांबचा पल्ला. मी बाईंना एवढंच म्हटलं की बिबट्यावरची व्याख्यानं दर वर्षी होतात आणि मुलं त्यात पेंगतात. न पाहिलेल्या प्राण्याबद्दल निदान कान टवकारतील. बाई हसल्या आणि सही केली.

ठरल्या दिवशी बोलेरोतून तिघं उतरले. संग्रहालयाच्या शिक्षण विभागातल्या मॅडम, संस्थेतला एक तरुण मुलगा आणि मागे पत्र्याची पेटी सांभाळत बसलेले कीपर. पाचवीची पोरं गाडीच्या मागच्या काचेला नाकं लावून उभी. अस्वल कुठाय? अस्वल नाही म्हटल्यावर जो काही आवाज झाला तो ऑफिसात ऐकू आला. म्हणून पहिली सूचना: मुलांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की जिवंत प्राणी येणार नाही. तो न आणणं हेच बरोबर आहे. मॅडमनी ते छान समजावलं. अस्वल हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं जनावर, ते गावोगाव फिरवून दाखवायचं नाही, याच एका गोष्टीसाठी लोकांनी वर्षानुवर्षं खटपट केली आहे. मग आपणच ते गाडीत घालून कसं आणायचं?

पेटीत काय होतं ते सांगतो, कारण अर्धे गुण पेटीलाच आहेत. कवटीची राळेत ओतलेली प्रतिकृती, पंजाचा प्लॅस्टरचा ठसा आणि पुढच्या पायाची नखं, तीही प्रतिकृतीच. खरं नख जवळ बाळगणं गुन्हा आहे, हे कीपरनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. नखं मी स्वतः हातात घेऊन बराच वेळ बघत होतो. तीन-साडेतीन इंच लांब, हस्तिदंती रंगाची, किंचित बाक असलेली, टोकाला झिजलेली. मांजरासारखी आत जात नाहीत, कायम बाहेर. वारूळ फोडायचं हत्यार आहे ते. कवटीत वरचे मधले दोन दात नाहीत. मुलांना वाटलं प्रतिकृती तुटलीय, एकीने तर "सर, मी नाही पाडली" असं आधीच सांगून टाकलं. मुळात त्या दोन दातांची जागा रिकामीच असते. बाकीच्या अस्वलांना 42 दात, आपल्या अस्वलाला (इंग्रजीत स्लॉथ बेअर) 40. त्या फटीतून ते वाळवी आणि मुंग्या ओढून घेतं, आणि माती नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेतं. त्या ओढण्याचा आवाज त्यांनी स्पीकरवर ऐकवला. शंभर मीटरच्या पलीकडेही ऐकू जातो म्हणे. आमच्या हॉलमध्ये तो लागला तेव्हा सातवीची मागची रांग जे हसत सुटली ती आवरेना. जुना व्हॅक्यूम क्लीनर अडकल्यावर करतो ना, तसा.

यावर एक खेळ होता. प्रत्येकाला कागदाची नळी, पुढ्यात बशीत वाळूच्या खड्यांमध्ये मिसळलेले साबुदाणे. खडे न ओढता साबुदाणे ओढून दाखवायचे, हात मागे बांधून. दिसायला बालवाडीचा खेळ, पण सातवीतली मिसरूड फुटायला आलेली पोरंही त्यात रंगली. नळी ज्याची त्याची वेगळी होती, कुणी कुणाची उष्टी वापरली नाही, याबद्दल आयोजकांना माझ्याकडून जादा गुण. साबुदाणा खायचा नाही हे मात्र तीनदा ओरडून सांगावं लागलं.

आता कीपर. खरं सांगायचं तर हा कार्यक्रम बोलवायचा तो यांच्यासाठी. मूळचे अकोटकडचे, बोली पक्की वऱ्हाडी, पायात रबरी बूट तसेच. माइक हातात घेतल्यावर पहिल्यांदा थोडे गांगरले. आमची पोरं "तेले, तुमाले" ऐकून फिदीफिदी हसायला लागली, मी डोळे वटारले. कीपर स्वतःच म्हणाले, "हासा, हासा, अस्वलबी मले पाहून असंच करते." आणि मग हॉल त्यांचा झाला.

लहानपणी पहाटे आईबरोबर मोहाची फुलं वेचायला जायचे, ते त्यांनी सांगितलं. "मोहाचं फूल राती गयते. पहाटी आपून जातो, अन् अस्वलबी तवाच येते. तेले वाटते ताट आपलं, आपल्याले वाटते आपलं." मेळघाट-चंद्रपूरकडे मार्च-एप्रिलात अस्वलाचे हल्ले का वाढतात, याचं यापेक्षा नेमकं स्पष्टीकरण मी कुठे ऐकलं नाही. अस्वलाची नजर आणि कान बेताचे, नाक मात्र जबर. तोंड खुपसून खाण्यात दंग असतं आणि माणूस अगदी जवळ पोचेपर्यंत त्याला पत्ताच लागत नाही. मग दचकतं. "ते तुमाले खायाले येत नाही पोरंहो, ते भेते. उभं राहाते ते पाहाले, वास घ्याले. तवा पयाचं नाही."

मग काय करायचं? रानात एकट्याने जायचं नाही, बोलत जायचं, हातात काठी ठेवायची, दिसलं तर पळायचं नाही, त्याला निघून जायला वाट ठेवायची. आणि अंगावर आलंच तर पालथं पडायचं, तोंड जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागे एकमेकांत घट्ट गुंफायची, कारण ते चेहरा आणि डोकं धरतं. हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही, करून घेतलं. सहावीचा अख्खा वर्ग हॉलच्या फरशीवर पालथा. नेमके त्याच वेळी आमचे शिपाईमामा चहाचा ट्रे घेऊन आत आले आणि दारातच थबकले. ट्रे वाचला.

एका मुलीने हात वर करून विचारलं, गोष्टीतला मित्र झाडावर चढून वाचतो ना? दोन मित्र आणि अस्वल, आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली गोष्ट. कीपर म्हणाले, झाडावर अस्वलच तुमच्या आधी चढेल, मधाच्या पोळ्यासाठी ते चढतंच. खाली निपचित पडलेल्याचं मात्र थोडंफार बरोबर होतं, फक्त त्याने पालथं पडायला हवं होतं. दुसऱ्याने विचारलं, अस्वल गुदगुल्या करून मारतं हे खरं का? आपल्याकडे आज्या हेच सांगायच्या. कीपरनी नखांची प्रतिकृती उचलून त्याच्या पोटाजवळ नेली आणि म्हणाले, "करू का गुदगुल्या?" पोरगं दोन खुर्च्या मागे. प्रश्नाचं उत्तर मिळालं.

सर्वांत अवघड प्रश्न पाचवीतल्या एका गप्प मुलाने विचारला. "तुमचं अस्वल पिंजऱ्यात का ठेवलंय?" मॅडम उत्तर द्यायला पुढे झाल्या होत्या, पण कीपरच बोलले. पिल्लू दोन-अडीच वर्षं आईबरोबर असतं, सुरुवातीला तर तिच्या पाठीवर बसूनच फिरतं. कुठलं वारूळ, कुठलं फळ, कुणाला भ्यायचं, हे सगळं आई शिकवते. आई मेली आणि पिल्लू माणसाच्या हातून वाढलं, तर ते रानात सोडून जगत नाही, उलट माणसाच्या मागे गावात येतं. म्हणून ते आमच्याकडे. आणि मग पुढचं वाक्य, जे बहुतेक त्यांना कुणी पढवलेलं नव्हतं: "बरं नाही ते. पन दुसरं कायी नाही." म्हणून दिवसभर त्याचं डोकं गुंतवून ठेवावं लागतं. पोकळ ओंडक्याला भोकं पाडून आत मध लावायचा, उन्हाळ्यात कलिंगडाच्या फोडी बर्फात गोठवून द्यायच्या, खाणं रोज वेगळ्या जागी लपवायचं. नुसतं ताट वाढलं तर पाच मिनिटांत खाऊन ते दिवसभर येरझाऱ्या घालत राहतं. हे सांगताना त्यांनी स्वतः चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करून दाखवली, मान हलवत. हॉलमध्ये तेव्हा कुणी हसलं नाही.

आता तक्रारी.

संस्थेच्या तरुणाचं सादरीकरण लांबलं. मुलगा अभ्यासू आहे, त्याला विषय येतो, पण पडद्यावर इंग्रजी मजकूर आणि तोंडाने त्याचं अर्धवट हिंदी-मराठी. आपल्या देशात अस्वलांच्या चार जाती, जगात आठ, हे एका वाक्यात होतं. त्यासाठी पांडा आणि ध्रुवीय अस्वलाचे इतके फोटो कशाला? मुलांना शेवटी पांडाच लक्षात राहतो. त्याने सांगितलेली एक गोष्ट मात्र मोलाची होती आणि ती घाईत गेली. कठडा नसलेल्या विहिरींत अस्वलं पडतात. पाण्याच्या किंवा फळांच्या शोधात शेतात येतात आणि अंधारात विहिरीत. हे आपल्या मुलांना लगेच कळलं असतं, कारण नाशिक जिल्ह्यात बिबटे असेच विहिरीत पडतात, पेपरात फोटो येतात. तो धागा धरून अर्धा तास बोलता आलं असतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. नाचवल्या जाणाऱ्या अस्वलांवरची एक चित्रफीत दाखवली. पिल्लाच्या नाकाडातून तापलेली सळई घालून दोरी ओवतात, तो भाग जसाच्या तसा. आधी काही सूचना नाही. पाचवीतली एक मुलगी रडायला लागली, तिला बाहेर न्यावं लागलं. माहिती खरी आहे, लपवायचं कारण नाही, पण दहा वर्षांच्या पोरांना ती कशी दाखवायची याचा विचार हवा. तुम्ही बोलावलंत तर पाचवी-सहावीसाठी ती फीत वगळा असं आधीच बजावा. मी बजावलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, ती माणसं हट्टी नाहीत.

तिसरं, पत्रकावरचा क्यूआर कोड. "अस्वल दत्तक घ्या." पोरांनी घरी जाऊन आईबापांच्या मागे भुणभुण लावली आणि पालकसभेत ते माझ्यावर आलं. देणगी मोठ्यांकडे मागा, मुलांच्या दप्तरातून नको. आणि समारोपाला दोन्ही लोगोंचा बॅनर धरून जे फोटो काढले, त्यात मधली सुट्टी गेली. कुणाचा लोगो डावीकडे यावर दोघांत हलकीशी चर्चाही झाली. असो.

या सगळ्याची भरपाई करणारी गोष्ट म्हणजे गृहपाठ. कार्यक्रमाच्या आधी आठवडाभर त्यांनी मुलांना एकच प्रश्न दिला होता: घरातल्या आजी-आजोबांना विचारा, नाचणारं अस्वल पाहिलं होतं का? ही कल्पना कुणाची ते मला कळलं नाही, पण ज्याची असेल त्याला सलाम. वह्या भरून आल्या. दरवेशी डमरू वाजवत यायचा, अस्वलाच्या पाठीवर पोर बसवलं की ते भित्रं राहत नाही, अस्वलाचा केस ताईतात घालून दंडाला बांधायचा, असं किती घरांतून आलं. माझंही बालपण जुन्या नाशकातलं, भद्रकालीच्या गल्ल्यांत दरवेशी आला की आम्ही मागे धावायचो. त्या दोरीचं दुसरं टोक कशात अडकलंय, हे तेव्हा कुणी बघितलं नाही. एका मुलाने तर आजोबांचा ताईतच आणला, काळ्या दोऱ्यात चांदीचा. संस्थेच्या मुलाला काय बोलावं सुचेना, कारण कायद्याने ते बाळगणं चूक. कीपरनी ताईत उजेडात धरला, बाहेर आलेलं केसाचं टोक चिमटीत फिरवलं आणि म्हणाले, "मले तं हा घोड्याच्या शेपटीचा वाटते." आजोबांना हे कळवायचं की नाही, यावर मुलांमध्ये मतदान झालं. नाही जिंकलं.

या गृहपाठाला जोडून मॅडमनी जे सांगितलं ते उत्तम होतं. 1990 च्या दशकात देशात हजाराहून जास्त अस्वलं रस्त्यांवर नाचवली जात होती. वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था 1995 मध्ये सुरू झाली, आग्र्याला अस्वलांसाठी निवारा झाला, सहाशेवर अस्वलं सोडवली गेली आणि 2009 मध्ये रस्त्यावरचं शेवटचं नाचणारं अस्वल ताब्यात आलं. नुसती अस्वलं काढून घेतली असती तर ते थांबलं नसतं. अस्वलं नाचवणाऱ्या कलंदर समाजातल्या कुटुंबांना रिक्षा, दुकान, बायकांना शिवणकाम, पोरांना शाळा, असा दुसरा धंदा उभा करून दिला म्हणून थांबलं. आमच्या वर्गात भटक्या समाजातली मुलं आहेत. दरवेशी म्हणजे दुष्ट, असं सरळ न सांगता त्याचं पोट कशावर होतं हेही मॅडम बोलल्या, हे मला फार आवडलं. अशा कार्यक्रमांत हे सहसा राहून जातं.

आता माझ्या प्रांतातलं. कार्यक्रमाच्या आदल्या तासाला मी मुलांकडून अस्वल काढून घेतलं होतं, काही न सांगता. सगळ्यांनी टेडी काढला. गोल कान, गोल पोट, तपकिरी रंग, काहींनी गळ्यात बो. पुढच्या आठवड्यात पुन्हा काढायला सांगितलं. काळे खडू संपले. छातीवर पांढरट इंग्रजी व्ही, फिकट नाकाड, लोंबता खालचा ओठ, मानेवर आयाळीसारखे अस्ताव्यस्त केस, कानांवरही केस, आणि नखं, नखं तर सगळ्यांनी जरा जास्तच लांब. एकाने आईच्या पाठीवर दोन पिल्लं काढली आणि त्यातल्या मागच्याच्या मुठीत आईचे केस धरलेले दाखवले. ते कुणी सांगितलं नव्हतं, त्याने विचार करून काढलं. तासभराच्या कार्यक्रमातून याहून जास्त काय मिळायला हवं?

आणि म्हणूनच त्यांनी वाटलेला रंगकामाचा कागद बघून माझं डोकं फिरलं. त्यावर जे अस्वल होतं ते सरळ सरळ परदेशी तपकिरी अस्वल, नदीत मासा पकडणारं! आपलं अस्वल वाळवी, मुंग्या, मध, बोरं, जांभळं, बहाव्याच्या शेंगा खातं, हे तासभर सांगायचं आणि घरी न्यायला मासा पकडणारं अस्वल द्यायचं. खाली ओळ होती "अस्वल जागरूकता साठी एकत्र", त्यातल्या मराठीबद्दल मराठीच्या बाई बोलतील.

संग्रहालयाकडे जनावर आणि ते रोज हाताळणारा माणूस आहे, संस्थेला जंगलालगतची गावं ठाऊक आहेत. दोघं जिथे एकमेकांचं वाक्य पुरं करत होते तिथे कार्यक्रम चढला, आणि जिथे ज्याची त्याची स्लाइड सुरू झाली तिथे पोरं खिडकीबाहेर बघायला लागली. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. कीपर येणार नसतील तर अडीच, तेही पेटीमुळे. तेव्हा फोनवर पहिला प्रश्न तोच विचारा.

बाकी सोयीचं: ते मानधन घेत नाहीत, येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण शाळेने बघायचं. आम्ही मिसळ खाऊ घातली, कीपरनी तर्री दोनदा मागितली. जागतिक स्लॉथ बेअर दिन, म्हणजे आपल्या अस्वलाचा, 12 ऑक्टोबरला असतो, 2022 पासून पाळतात, आणि त्यांचा आग्रह त्याच आठवड्याचा असतो. आपल्याकडे तेव्हा प्रथम सत्राच्या परीक्षा. दिवाळीनंतरची तारीख मागा, देतात. हॉलला पडदे हवेत, फरशी झाडून घ्या (पालथं पडायचंय), आणि एका वेळी दोनच तुकड्या बसवा, नाहीतर पेटी मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही.

रंगकामाच्या कागदाचं मी गप्प बसलो नाही. आमच्या पोरांच्या चित्रांवरून एक रेखाटन करून मॅडमना पाठवलं, वारुळापाशी आई आणि पाठीवर दोन पिल्लं. त्यांना आवडलं, छापू का म्हणून विचारलंय. मी दोन अटी घातल्यात: खालची ओळ मराठी येणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यायची, आणि लोगो अस्वलाच्या कानांवर टाकायचे नाहीत. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर दोन्हीकडच्या साहेबांची बैठक व्हायची आहे.